सांगाव्याची वेळ

माईकपुढं बसण्याआधी गहिनीनाथ टोपी काढून मांडीवर ठेवायचा. माईकवर फुंकर कधी मारायचा नाही. नखानं एक टिचकी, बस्स. बोलताना दारातून रस्त्याकडं बघायचा. ओळखीचं माणूस दिसलं तर वाक्य न तोडता मान हलवायचा. गाण्याची तबकडी सदऱ्याच्या आतल्या बाजूनं पुसायचा, कारण बाहेरच्या बाजूला पेठेची धूळ. चहा बशीत ओतून ठेवायचा आणि विसरायचा. कुणी चुकीचं बोललं तर त्याला न सांगता स्वतःच्या तोंडानं ते बरोबर करून पुन्हा म्हणायचा, जणू पहिल्यांदाच. घरात इतका हळू बोलायचा की त्याची बायको पुष्पावती म्हणायची, "सगळी पेठ तुमचं ऐकती. मलाच तेवढं ऐकाया येत न्हाई."

सूर्यभानला आधी या सवयी आठवतात. बाकीचं मागून येतं.

गहिनीनाथ पठारेचं पारनेरच्या पेठेच्या तोंडाशी एका गाळ्याचं दुकान होतं. पाटी रेडिओ दुरुस्तीची. लग्नसराईत तो आवाजाचं मशीन आणि कर्णे भाड्यानं द्यायचा. लग्नं संपली की मशीन कोपऱ्यात गोणपाटाखाली पडून राहायचं. ते त्याला बघवेना. एका बाजारच्या आदल्या दिवशी त्यानं दुकानापासून पेठेच्या खालच्या टोकापर्यंत तार ओढली. एक कर्णा दुकानावर बांधला, एक भाजीवाल्यांच्या लिंबावर, एक बैलबाजाराच्या कोपऱ्यावर.

"पुण्याचा रेडिओ पुण्याच्या कांद्याचा भाव सांगतो," तो म्हणाला. "आपल्या लिंबाखाली आज कांदा किती उतरला, ते कोण सांगनार?"

सूर्यभान नगरहून मराठी घेऊन बी. ए. झालेला. नोकरीसाठी अर्ज करून घरी बसला होता. वयानं गहिनीनाथपेक्षा बराच लहान. तो आधी रेडिओचा सेल घ्यायला आला, मग बसायला, मग रोजच. गहिनीनाथ त्याला 'बी.ए.राव' म्हणायचा. मजकूर सूर्यभान लिहायचा, बोलायचा गहिनीनाथ.

नावावरून दोघांत चार दिवस घोळ चालला. सूर्यभाननं सुचवलेल्या सगळ्या नावांच्या शेवटी 'वाणी' होतं. गहिनीनाथ म्हणाला, "चांगली हायेत. पन नाव आपन ठेवायचं न्हाई. लोक काय म्हनत्यात ते ऐकू." लोक 'पेठेचा कर्णा' म्हणत होते. तेच राहिलं. सुरुवातीचं वाक्य मात्र सूर्यभानचं होतं आणि ते गहिनीनाथला फार आवडलं. 'पेठेचा कर्णा बोलतोय. ऐका, आणि शेजारच्याला सांगा.'

मग खूण हवी होती. आकाशवाणीची धून ऐकली की न बघता कळतं, तसं काहीतरी. घंटा वाजवून पाहिली, तर पोरं शाळेकडं पळाली. सायकलची घंटी वाजवली, तर भर पेठेत माणसं बाजूला सरून मागं वळून बघायला लागली, आणि मालनबाई नावाची मिरच्या विकणारी म्हातारी तिथूनच ओरडली, "आरं, कोन मुडदा येतोय त्यो?" शेवटी गहिनीनाथनं तागडीचं पितळी पारडं माईकजवळ धरलं आणि त्यावर वजनाचा एक ठोका दिला. तो आवाज पेठेचाच होता. दुसऱ्या बाजाराला मालनबाई स्वतःच्या तागडीवर तसा ठोका देऊन गिऱ्हाइकं बोलवायला लागली.

दिवसाचा कार्यक्रम गहिनीनाथनं लोक बघून लावला होता. सकाळी बैलगाड्या येऊन सुटतात, तेव्हा आवक आणि भाव. त्यानंतर बायका येतात, तेव्हा जात्यावरची गाणी, बांगड्या, लुगडी. दुपारी पुरुषमंडळी लिंबाखाली भाकरी सोडतात, तेव्हा गवळण. बैलबाजाराकडं गर्दी सरकली की शेतीचं. कोण कुठल्या वेळी कुठं उभं असतं हे तो फिरून बघून आला होता. "ज्याच्या कानाला जे पायजे ते त्याच वेळी," तो म्हणायचा.

पण लोक थांबायचे ते सांगाव्यासाठी. बाजारला आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं यायची आणि एकमेकांना निरोप ठेवायची. अमक्या वाडीच्या कडूबाईला सांगावा, लेक बाळंत झाली, दोघी सुखरूप. तमक्याची शेळी आमच्या दावणीला बांधलीय, येऊन ओळखून न्या. नियम एकच होता. सांगावा देणाऱ्यानं स्वतः यायचं आणि गहिनीनाथ त्याचं नाव घेऊन सांगायचा. त्यामुळं कर्ण्यावर आलं म्हणजे खरं, असं झालं होतं. पहिल्या वर्षी सांगावे आले तसे दिवसभर सांगितले जायचे.

ते बदललं मच्छिंद्र औटीमुळं. मच्छिंद्रशेठचं पेठेतलं सगळ्यात मोठं कापडदुकान. कर्ण्यावरच्या निम्म्या जाहिराती त्याच्या. तो एकदा पान लावत दुकानात बसला आणि म्हणाला, "गैनी, तुझा सांगावा ऐकला की मानूस निघून जातं. सगळे सांगावे संध्याकाळी ठेव. ज्याला ऐकायचं ते थांबंल. थांबलं की काहीतरी घील. माझंच न्हाई, त्या म्हाताऱ्या मालनबाईचं पन शेवटचं वांगं खपंल."

ते खरंच होतं. पुढच्या बाजाराला सांगावे दिवेलागणीच्या आधी एकदम सांगितले आणि पेठ तोवर भरलेली राहिली. मालनबाईनं गहिनीनाथला ओंजळभर मिरच्या आणून दिल्या. तेव्हापासून ती रीतच पडली. सकाळी आलेला सांगावा सूर्यभान लिहून घ्यायचा आणि माईकच्या मागच्या खिळ्याला टोचून ठेवायचा.

बाहत्तर साली पाऊस झाला नाही. त्याच्या आधीच्या वर्षीही धड झाला नव्हता. बाजाराला गाड्या कमी येऊ लागल्या. लिंबाखाली कांद्याऐवजी लोक भांडी मांडून बसायला लागले. बैलबाजारात विकणारेच, घेणारं कुणी नाही. मच्छिंद्रशेठच्या दुकानात माणसं सावलीला यायची. गहिनीनाथ गवळण लावायचा आणि मध्येच बंद करायचा. "दुपारची भाकरीच न्हाई बरूबर आनलेली," तो एकदा म्हणाला, "तर गवळन कुनाला लावू?"

टेकडीपलीकडं पाझर तलावाचं दुष्काळी काम निघणार, अशी कुणकुण होती. पौषातल्या एका बाजारी ती खरी ठरली. त्या दिवशी सूर्यभान मुलाखतीसाठी नगरला गेला होता. पुढचं त्याला गहिनीनाथनंच नंतर सांगितलं, काही न लपवता.

सकाळी गाड्या सुटत असताना तलावावरचा मुकादम कानिफनाथ दुकानात आला. म्हणाला, "सांगावा घ्या. आज तलावावर मानसांची नावं लिवून घेनार हायेत. ज्याला काम पायजे त्यानं यावं." कधीपर्यंत, ते तो बोलला नाही आणि गहिनीनाथनं विचारलं नाही. साहेबलोक दिवस मावळेपर्यंत लिहीत बसतात, हे सगळ्यांना माहीत होतं. मच्छिंद्रशेठ तिथंच बसला होता. तो म्हणाला, "आत्ता सांगितलंस तर बाजार उठला बघ. भाजी आनलेल्यांनी ती परत कुठं न्यायची?"

गहिनीनाथनं लिंबाकडं बघितलं. ज्यांनी विहिरीच्या तळाच्या पाण्यावर दोन पेंढ्या मेथी जगवून आणली होती, त्या बायका बसल्या होत्या. त्यानं कागद खिळ्याला टोचला.

संध्याकाळी त्यानं सांगावा सांगितला. पहिला तोच. लोक उठून टेकडीकडं पळाले. तलावावर माणूस नव्हतं. जेवढी माणसं घ्यायची होती, तेवढी दुपारीच भरली होती. बाजाराला न आलेली, तलावाच्या आसपासच्या वस्त्यांवरची.

पुढच्या बाजारी भीमाबाई आली. ती लिंबाखाली, कर्ण्याच्या अगदी बुडाशी अंडी घेऊन बसायची. आता कोंबड्या विकून झाल्या होत्या. तिचा नवरा काम बघायला पुण्याकडं गेला होता, आणि घरी सासू आणि दोन लेकरं होती. ती दुकानाच्या पायरीखाली उभी राहिली. सूर्यभान आत होता.

"गैनीभाऊ," ती म्हणाली, "त्यो सांगावा कवा आला हुता?"

"सकाळी," गहिनीनाथ म्हणाला.

"मुकादम बी त्येच बोलला. मला खरं वाटंना. म्हनलं, गैनीभाऊ आसं न्हाई करायचा."

गहिनीनाथनं माईकमागच्या खिळ्याकडं बघितलं.

"मी हितंच बसले हुते," भीमाबाई म्हणाली. "दिसभर. तुज्या कर्ण्याखाली. लुगड्याची जाहिरात ऐकली मी. त्या लुगड्याला काठ कसा, पदर कसा, समदं मला पाठ झालं. तेवढा एक सांगावा न्हाई ऐकला."

"आक्का, मला वाटलं संध्याकाळपर्यंत..."

"तुला वाटलं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुजा कर्णा शेटजीचा हाय, भाऊ. आमी उगं आमचा समजत हुतो."

ती गेली. गहिनीनाथनं टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. त्या दिवशी कर्णा लागला नाही. त्याच्या पुढच्या बाजारालाही नाही. लोक विचारायला आले, तर तो म्हणायचा, मशीन बिघडलंय. सूर्यभानला ठाऊक होतं, मशीनला काही झालेलं नव्हतं.

तिसऱ्या बाजारी त्यानं मशीन लावलं. पारड्याचा ठोका दिला नाही. सूर्यभाननं लिहिलेलं काही घेतलं नाही. म्हणाला, "तलावाच्या कामाचा सांगावा त्या दिवशी सकाळी आला होता. बाजार उठू नये म्हणून मी तो संध्याकाळपर्यंत ठेवला. चूक माझी आहे. मुकादमाची नाही. इथून पुढं सांगावा येईल तेव्हाच सांगितला जाईल." मग माईक बंद केला. पेठेत क्षणभर सगळं तसंच राहिलं. मग मालनबाईच्या तागडीचा आवाज आला आणि बोलणी सुरू झाली.

मच्छिंद्रशेठ संध्याकाळी आला. बसला नाही.

"माझं नाव घ्यायचं राह्यलं का रे त्यात?"

"तुमचं नाव कशाला? खिळ्याला मी टोचला."

"तू न्हाई घेतलंस. लोक घेत्यात." त्यानं पान थुंकलं. "माझ्या जाहिराती बंद कर. तुझ्या कर्ण्यावर मला नाव नको."

"बरं," गहिनीनाथ म्हणाला.

सूर्यभानला वाटलं होतं, लोक आता पुन्हा येतील. चूक कबूल केली, की माणसं विसरतात. पण तसं झालं नाही. सांगावे द्यायला येणारे कमी झाले. बायका लिंबाच्या पलीकडच्या बाजूला बसायला लागल्या. कुणी त्याला वाईट बोललं नाही. कर्णा चालू असला की लोक बोलणं थांबवायचे नाहीत, एवढंच. गहिनीनाथ दारातून ते बघत बघत बोलायचा.

भीमाबाई आता बाजाराला येत नव्हती. कानिफनाथनं सांगितलं, ती रोज लेकरं घेऊन तलावाच्या काठाला येऊन बसते. कामावरचं कुणी आजारी पडलं, कुणी गळालं, तर त्या जागेवर घेतील म्हणून. एकदा दोन दिवस घेतलं होतं. पण माणसं कमी होत नाहीत. तिच्यासारखी आणखी कितीतरी काठाला बसतात. ओढ्याच्या वरच्या अंगाला दुसरं काम निघणार आहे म्हणतात, पण कधी, ते मुकादमालाही आयत्या वेळी कळतं.

"कळलं की मग काय करता?" गहिनीनाथनं विचारलं.

"वरडतो. जवळचं ऐकतं. लांबचं ऱ्हातं."

कानिफनाथ गेल्यावर गहिनीनाथ दारात जाऊन लिंबाकडं बघून आला. मग म्हणाला, "बी.ए.राव, बाजार कुठं हाय आता?"

सूर्यभानला कळेना.

"हितं का भरतो बाजार? हितं घ्यायला कुनी न्हाई, विकायला काही न्हाई. समदी मानसं तलावावर. आन आपन लिंबाला कर्णा बांधून बसलोय."

दुसऱ्या दिवशी त्यानं लिंबावरचा आणि बैलबाजारातला कर्णा उतरवला. तार गुंडाळली. ती पुरणार नव्हती, म्हणून घरातली, लग्नाच्या मांडवांसाठी ठेवलेली, सगळी तार काढली. पुष्पावतीनं कपडे वाळत घालायची तारसुद्धा सोडून दिली. "घ्या," ती म्हणाली. "ही पन बोलू द्या." खांबांना लाकूड मिळेना. माणसं जळणाला बाभळी तोडत होती. त्यानं बांधावरच्या घायपाताचे वाळके दांडे आणले. ते हलके होते. खड्डा मात्र खोल घ्यावा लागायचा, कारण टेकडीवर मुरूम.

कानिफनाथनं तलावावरच्या साहेबाला विचारून ठेवलं. तलावावर वीज नव्हती, म्हणून मशीन दुकानातच राहणार होतं. तलावावर काही नवं कळलं, की तिथून माणूस पळत पेठेत येईल. दुकानातून ते सांगितलं की तलावावर, काठाला, वरच्या अंगाला, सगळ्यांना एकदम ऐकू जाईल. जवळच्याला आधी आणि लांबच्याला मागून, असं होणार नाही. गहिनीनाथनं वेळापत्रक करायला सांगितलं नाही. सूर्यभाननं विचारलं तर म्हणाला, "आलं की सांगायचं. दुसरं काय?"

होळी झाली. गहिनीनाथ पहाटे खणायला जायचा, दुपारी परत यायचा. उन्हाळा चढत गेला तसा तो उशिरा यायला लागला. चेहरा करपला. सूर्यभान बरोबर जायचा, तर तो म्हणायचा, "तुमी मशीन सांभाळा. एक मानूस दोनी टोकांला कसं ऱ्हाईल?" वाटेत त्याला कामावर जाणारी माणसं भेटायची. एकानं विचारलं, "गैनीभाऊ, ह्यावर आता कंचं लुगडं ऐकवनार?" गहिनीनाथ हसला म्हणे. सूर्यभानला ते कानिफनाथनं सांगितलं. बऱ्याच दिवसांत तो हसल्याची तेवढीच बातमी.

तार टेकडी चढली. पलीकडं उतरली. चैत्र संपता संपता ओढ्याजवळ पोचली. कोरडा ओढा ओलांडला की पुढं थोडी चढण आणि मग तलावाचा बांध. ओढ्यापलीकडचे खड्डे त्यानं आधीच खणून ठेवले होते. दांडे उभे करायचे होते, तार न्यायची होती.

त्या दिवशी तो कर्णा डोक्यावर घेऊन निघाला. म्हणाला, "आज ओढ्याच्या अलीकडं जोडून बघतो. तुमी बोलत ऱ्हावा. ऐकू आलं की मी टेकडीवर येऊन टॉवेल हलवीन." दुकानाच्या दारातून टेकडीचा माथा दिसायचा.

ठरल्या वेळी सूर्यभाननं मशीन लावलं. "पेठेचा कर्णा बोलतोय. गैनीभाऊ, ऐकू येतंय का?" दारात येऊन बघितलं. माथ्यावर कुणी नव्हतं. उन्हानं टेकडी हलल्यासारखी दिसत होती. तो आत गेला, पुन्हा बोलला. पुन्हा दारात आला. तार कुठं सुटली असेल, असं त्याला वाटलं. मग एक तबकडी लावली, म्हणजे गहिनीनाथला जोड शोधायला सोपं जाईल. तबकडी संपली. "गैनीभाऊ, ऐकू येतंय का?" दुकानावरचा कर्णाही चालूच होता, त्यामुळं ते सगळ्या पेठेला ऐकू जात होतं. समोरून मच्छिंद्रशेठ ओरडला, "किती वेळ तेच ते? त्याला न्हाई येत ऐकू. बंद कर की."

सूर्यभाननं बंद केलं नाही. तो बोलत राहिला. एका वेळी त्यानं रस्त्याकडं बघितलं, तर भीमाबाई येत होती. ती पळत नव्हती. पळून पळून दमल्यावर माणूस जसं चालतं तशी चालत होती. पायरी चढून आत आली. या दुकानात ती आधी कधी आत आली नव्हती.

"सूर्यभान," ती म्हणाली, "मशीन बंद कर."

त्यानं बटण खाली केलं.

"मी बांधावरनं बघत हुते. गैनीभाऊ खांबाला टेकून बसला हुता. कर्णा म्होरं ठेवलेला. तुजा आवाज येत हुता त्यातनं, ऐकू येतंय का, ऐकू येतंय का. मला वाटलं, ऐकतोय." तिनं पदरानं घाम पुसला. "गानं लागलं, तरी हलंना. मग मी खाली आले."

"डॉक्टरला..."

"न्हाई," ती म्हणाली. "हात लावून बघितला मी. पुष्पावतीकडं चल आता. मी एकली कशी सांगू?"

माणसांनी त्याला टेकडीवरून आणलं. ऊन लागलं, असं डॉक्टर म्हणाले. सकाळपासून पोटात काही नव्हतं, असं पुष्पावती म्हणाली. तो पाणी घेऊन गेला होता का, हे कुणाला सांगता आलं नाही. तलावावरची माणसं त्या दिवशी काम सोडून आली. मालनबाई आली. मच्छिंद्रशेठ आला, मागं उभा राहिला.

दहाव्यानंतर सूर्यभान तारेच्या कडेकडेनं ओढ्यापर्यंत गेला. का गेला ते त्याला सांगता येत नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाचं काम निघालं होतं. मुकादम ओरडला तेव्हा भीमाबाई जवळच बसलेली होती. तिचं नाव लागलं. लांबची राहिली. ती माणसं अजून काठाला बसून होती, काहींच्या मांडीवर लेकरं होती.

तार ओढ्याच्या अलीकडच्या खांबाशी संपते. तिथं तिचं उरलेलं भेंडोळं दांड्याला बांधलेलं आहे. गाठ गहिनीनाथची. ओढ्यापलीकडं बांधापर्यंत खड्डे आहेत. त्यांच्या तोंडाशी मुरूम तसाच रचलेला आहे, दांडा उभा केला की लगेच आत लोटता यावा असा. दांडे शेजारी आडवे पडले आहेत.